बॉल बदलला, पुढे काय? आईच्या खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरचे चार महिने

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, पहाटे पावणेपाच. दसरा होऊन दोनच दिवस झालेले. सांगलीहून शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हाच पोटात गोळा आला, कारण काकू एरवी फक्त सुप्रभातचे फोटो पाठवतात, फोन करत नाहीत. आई बाथरूममध्ये पडली होती आणि दाराला आतून कडी. काकूंच्या मुलाने दार खांद्याने ढकलून कडी उखडली तेव्हा ती डाव्या कुशीवर पडलेली, शुद्धीत, आणि पहिलं वाक्य काय तर "माझी साडी नीट करा आधी."

मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला. मी निघाले तोवर काकूंनी १०८ ला फोन केला होता. साधारण पंचवीस मिनिटांत गाडी आली, पैसे लागले नाहीत. मधल्या वेळात एकाने तिला उभी करून बघूया म्हटलं, दुसऱ्याने हाडवैद्याचं नाव काढलं. काकूंनी दोघांनाही गप्प केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. घरात म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाहीये, आणि एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतोय, तर चोळायचं नाही, उभं करायचं नाही. आहे तिथेच उशी देऊन ठेवायचं आणि गाडी बोलवायची.

मिरजेतल्या एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलमध्ये एक्स-रे निघाला. डावा खुबा, मांडीच्या हाडाची मान मोडलेली आणि तुकडे सरकलेले. डॉक्टर म्हणाले या वयात (आई ७४) असं सरकलेलं हाड जोडत बसण्यापेक्षा बॉल बदललेला बरा, म्हणजे खुब्याची वाटी तीच ठेवून मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक काढून धातूचं बसवायचं. ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हायला हवं, पडून राहिलं की छातीत कफ, बेडसोअर, पायात रक्ताची गुठळी असं सगळं मागे लागतं. पण तिचं सोडियम १२४ आलं. बीपीच्या गोळीने ते कमी झालं असावं असं फिजिशियन म्हणाले, आणि कदाचित पहाटे चक्कर यायचं कारणही तेच. ते वर आणणं, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ऑपरेशनसाठी फिटनेस यात दोन दिवस गेले. बुधवारी १६ तारखेला, कोजागिरीला, कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं. सव्वा तास लागला.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी बाहेर बाकावर बसून होते. मला लिहायचंय ते त्याच्या नंतरचं. "ऑपरेशन छान झालं" हे वाक्य सगळे सांगतात आणि त्यापुढे काय हे धड कोणी सांगत नाही. आमच्या डिस्चार्ज पेपरवर फिजिओथेरपीबद्दल एक ओळ होती. एक.

त्या रात्री आई मला ओळखेना. म्हणजे ओळखत होती पण मी तिची धाकटी बहीण आहे असं समजून बोलत होती, आणि आम्ही इचलकरंजीला तिच्या माहेरी होतो. सलाईन ओढून काढलं. भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. मला वाटलं डोक्यात काहीतरी झालं, आता ही अशीच राहणार. रात्रपाळीच्या सिस्टरने शांतपणे सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, बहुतेकांचा काही दिवसांत जातो, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा. त्यांनी सोडियम परत तपासलं. आणि मग अगदी साधे उपाय: चष्मा लावून ठेवा, कानाचं मशीन काढू नका, दिवसा पडदे उघडे ठेवा, समोर घड्याळ ठेवा, एकच ओळखीचं माणूस जवळ राहू दे, दहा जणांची रांग नको. चष्मा आम्ही "सांभाळून ठेवायचा" म्हणून घरी पाठवला होता! तो परत मागवला. तिसऱ्या रात्री ती मला म्हणाली, "जेवलीस का गं?" तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फिजिओने तिला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. मला धक्काच बसला, इतक्या लवकर? बॉल बदलल्यावर लगेच वजन टाकता येतं, उलट टाकायलाच हवं, असं ते म्हणाले. तुमच्या पेशंटचं हाड खिळे-रॉड घालून जोडलं असेल तर वजन कधी आणि किती टाकायचं हे वेगळं असू शकतं, ते आपापल्या सर्जनला विचारून लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत तिघांनी तीन प्रकारे ऐकलेलं असतं.

२१ ऑक्टोबरला डिस्चार्ज. सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं, विमा कंपनीची अंतिम मंजुरी यायला संध्याकाळचे चार वाजले. मे २०२४ च्या इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) परिपत्रकाप्रमाणे ही मंजुरी तीन तासांत यायला हवी. मला हे त्या दिवशी माहीत असतं तर निदान तोंड उघडलं असतं. बिल १ लाख ९२ हजार, त्यातले साधारण ४४ हजार आम्ही भरले. कारण रूम. तीन लाखांची पॉलिसी, रूमभाड्याची मर्यादा एक टक्का म्हणजे रोज ३,०००, आणि आम्ही घेतली ४,००० ची, म्हटलं रोजचे हजार रुपये भरू वरचे. तसं नसतं. त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्यालाच कात्री लागते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ती कात्री लावता येत नाही, तेवढं बिलात तपासून घ्या. रूम घेताना काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या पॉलिसीत कितीची बसते. आणि इम्प्लांटचं स्टिकर फाइलला लावलंय ना तेही बघा.

आणखी एक चुटपुट लागून राहिली. ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, ही वय वंदना कार्डाची योजना सुरू झाली २९ ऑक्टोबर २०२४ ला. आई पडली १४ ला. असो. नंतर आयुष्मान ॲपवर आधारची ई-केवायसी करून तिचं कार्ड काढलं. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्येच चालतं, तेव्हा जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे हे आत्ताच बघून ठेवा, पडल्यावर बघायला वेळ नसतो.

आता घर. आमचं सांगलीचं घर जुनं, आणि बॉल बदलल्यानंतर जे जे करायचं नाही ते सगळं आमच्या घरात करावंच लागतं अशी त्याची रचना. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पाटावर, बुटक्या स्टुलावर, खोल सोफ्यावर बसायचं नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांच्या मधे उशी. नियम एकच की गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, नाहीतर बॉल वाटीतून निसटू शकतो. आणि भारतीय संडास कायमचा बंद.

पहिल्या आठवड्यात कमोडची खुर्ची आणली, २,४०० रुपये. नंतर संडासाचं भांडंच बदललं, प्लंबर-गवंडी-फरशी धरून १४ हजार, आणि तीन दिवस घरभर सिमेंट. कमोड घेताना उंची मोजून घ्या, ठेंगणा असेल तर वर ठेवायचं प्लास्टिकचं उंच सीट मिळतं. बाथरूममध्ये स्टीलचे दांडे लावले, प्रत्येकी साडेसहाशे. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती हातात येते. खाट बुटकी होती, सुताराकडून चारी पायांखाली लाकडी ठोकळे करून घेतले, खोबण असलेले, म्हणजे पाय निसटत नाही. उंबरा फोडला. भावाचा जीव त्यात अडकला होता कारण तो आजोबांनी बसवलेला, पण ज्याला अडखळून ती पुन्हा पडू शकते त्याची पूजा किती वर्षं करायची? बाथरूमच्या दाराला पुन्हा कडी लावली नाही, पडदा आणि "आत कोणीतरी आहे" एवढ्यावर घर चालतंय अजून.

वॉकर १,३५० चा, घडीचा. उंचीचं गणित सोपं: माणूस ताठ उभं राहून हात सोडले की मनगट जिथे येतं तिथे मूठ हवी. दुकानदाराने दिला तसाच आम्ही आठ दिवस वापरला, तो उंच होता आणि आईचे खांदे कानाला लागत होते. खालची रबरी बुचं झिजतात, सर्जिकलच्या दुकानात मिळतात, झिजलेल्या बुचाचा वॉकर ओल्या फरशीवर म्हणजे दुसरं ऑपरेशन.

मदतीला ब्युरोतून एक मावशी ठेवल्या, दिवसाचे बारा तास, ७५० रुपये. आणि आम्ही सगळे मिळून आईची सेवा करायला लागलो. इथेच चुकलं.

म्हणजे बघा, पलंगावरच अंग पुसणं, पलंगावरच जेवण, तांब्याभांडं हातात, कूस बदलायची म्हटलं तरी दोघी जणी धरायला. ती उठायला लागली की "अगं थांब, मी आहे ना!" येणारा प्रत्येक पाहुणा "आराम करा आता काकू, खूप केलंत आयुष्यभर" असं म्हणून जायचा. दिवाळी अशीच गेली. फिजिओ म्हणून कोणीतरी सुचवलेले एक जण येत होते, ५०० रुपये व्हिजिट. ते यायचे, मांडीला पॅड लावायचे, मशीन सुरू करायचे, वीस मिनिटं मोबाइल बघायचे, पंजा वर-खाली दहा वेळा करून घ्यायचे की झालं. आईला बरं वाटायचं, गुदगुल्या झाल्यासारखं. मला वाटायचं चाललीय थेरपी. नऊ व्हिजिट झाल्या तरी ती पलंग ते दार एवढंच चालत होती आणि तेही मावशींच्या गळ्यात हात टाकून. ३० ऑक्टोबरला टाके काढले, डॉक्टर म्हणाले जखम मस्त आहे. जखम मस्त होती, पण आई रात्री पाणीच प्यायची नाही, संडासला जावं लागेल म्हणून. एकदा म्हणाली, "आता मला सोडा गं. झालं माझं." मी काहीतरी थातूरमातूर बोलले.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या फिजिओचा नंबर दिला. ८ नोव्हेंबर, शुक्रवार. तिशीतली मुलगी, स्कूटीवर आली, सॅकमधून टेप आणि घड्याळ काढलं, मशीन-बिशीन काही नाही. आधी मलाच अर्धा तास प्रश्न. पडायच्या आधी आजी काय काय करायच्या? बाजारात जायच्या का? स्वयंपाक बसून की उभ्याने? देवपूजा कुठे? गोळ्या कुठल्या? मग आईकडे वळून, "आजी, तुम्हाला काय करायला यायला पाहिजे परत?" आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरसावून बसली. म्हणाली, "भाकरी मी करतो की पोरी, ह्यांना जमत नाही ती. आणि संडासला एकटी जातो म्हणावं." (आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, जातो-येतो. मॅडम मुंबईकडच्या, त्या जरा गोंधळल्या.)

मग त्यांनी तीन मीटर मोजून फरशीवर चिकटपट्टी लावली. खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वॉकर घेऊन ६८ सेकंद लागले. १२ च्या वर गेलं की पडायचा धोका जास्त धरतात असं त्या म्हणाल्या. मी उठवायला पुढे झाले तर मला हाताने थांबवलं आणि दाराबाहेर नेऊन म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण आजींना तुम्ही आजारी ठेवताय."

राग आला. अर्थात आला. ऑफिसला बिनपगारी रजा टाकून मी तिथे राहिले होते, आणि ही कालची पोर. रात्री मात्र झोप लागेना, कारण खरं होतं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू दिवसागणिक जातात आणि ते परत यायला कितीतरी पट वेळ लागतो, हे तिने आकडे न सांगता आईच्या दोन मांड्यांना टेप लावून दाखवलं होतं. डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटीमीटर बारीक.

नवे नियम भिंतीवर लागले. मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. जेवण टेबलावर. दिवसा पलंगावर फक्त दुपारचा एक तास. गाऊन बाजूला ठेवून अंगावरचे कपडे स्वतः बदलायचे, घालताना दुखरा पाय आधी, काढताना तो शेवटी. मावशींना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं, त्यांना वाटायचं बसून पगार घेतोय असं दिसेल. त्यांना सांगितलं तुमचं काम आता एक हात अंतरावर उभं राहायचं, पट्टा धरून. (कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तोल गेला तर तिथे धरायचं. दंड धरून ओढायचं नाही, म्हाताऱ्या माणसाचा खांदा जातो.)

व्यायाम बघायला गेलं तर फार साधे. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा, तेही खुर्चीवर दोन उशा घालून उंच करून. ओट्याला धरून जागच्या जागी पाय उचलणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. पाय बाजूला नेणं, हा सगळ्यात महत्त्वाचा म्हणाल्या, कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर राहिले की माणूस लचकत चालतं आणि तसंच कायमचं राहतं. कालनिर्णयवर प्रत्येक दिवसाच्या चौकोनात आई स्वतः पेनने काट्या मारायची. एकादशीला जास्त मारायची, का ते माहीत नाही. दुखायचं. पहिला आठवडा तर "ही पोरगी माझ्या जिवावर उठलीय" असं चाललेलं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची ही युक्ती आम्हाला तेव्हा कळली, आधी आम्ही नंतर देत होतो. आणि त्या स्ट्राँग गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडे मागून घ्या, लाजू नका, आमचे चार दिवस त्यातच गेले.

खाण्याबद्दलही बोलणी खाल्ली. पेज, मऊ भात, साबुदाणा, असा "आजारी माणसाचा" आहार चालला होता. स्नायू कशाने येणार? मग मुगाची धिरडी, दोन वेळा वरण घट्ट, पनीर, दही, शेंगदाण्याची चटणी. आई अंडं खात नाही, नाहीतर सोपं झालं असतं.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. घरून मतदान ८५ च्या वरच्यांना किंवा ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना, म्हणजे आई कशातच बसत नव्हती. ऑपरेशनला पस्तीस दिवस झालेले. मी म्हटलं राहू दे या वेळी. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडी काढली. मॅडमने आदल्या दिवशी गाडीत बसायची रंगीत तालीम घेतली: पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, सीटवर उशी, आधी पाठमोरं होऊन बुड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. केंद्रावर व्हीलचेअर मिळाली, पण खोलीच्या दारात तिने ती सोडली आणि आतली दहा पावलं वॉकरने गेली. बोटाची शाई पुढचे आठ दिवस येईल त्याला दाखवत होती.

त्याच महिन्यात हयातीचा दाखला. वडील रेल्वेत होते, आईला फॅमिली पेन्शन, नोव्हेंबरमध्ये दाखला गेला नाही तर पेन्शन थांबतं. दर वर्षी बँकेत जायची, यंदा पोस्टमनला घरी बोलावलं, तेव्हा ७० रुपये लागायचे, आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) नंबर, खातं नंबर तयार ठेवायचा. पण बोटांचे ठसे काही उमटेनात, भाकऱ्या थापून थापून बोटं गुळगुळीत झालेली. शेवटी माझ्या फोनवर जीवन प्रमाण आणि आधारचं फेस ॲप टाकून चेहऱ्यावरून केलं. डोळ्यांची उघडझाप करा असं ते सांगतं आणि आई एकच डोळा मिचकावत होती. चौथ्या वेळी झालं.

प्रगती सरळ रेषेत होत नाही, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस ती परत पलंगाला धरून बसली, कारण वळताना तोल गेला आणि ती नुसती टेकली भिंतीला. पडली नाही. पण भीती परत आली, हात थरथरायला लागले. मॅडमने त्या दिवशी कुठलाच व्यायाम घेतला नाही. तिच्याशी गप्पा मारल्या आणि जाताना म्हणाल्या, "आजी, मला पाणी द्या ना." आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की वॉकर धरून पेला आणणार कसा. तिघी हसलो. दुसऱ्या दिवशी वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधली, त्यात बाटली, मोबाइल, चष्मा, जपमाळ. साठ रुपयांची पिशवी, माझ्या मते सगळ्या खर्चातली सर्वात कामाची वस्तू.

१ डिसेंबरपासून मावशी बंद केल्या. ६ डिसेंबरला तीच तीन मीटरची परीक्षा: ३४ सेकंद. आई ओट्याशी उभी राहून लसूण सोलायला लागली, मग चहा, मग एक दिवस परात पुढे ओढली. पहिली भाकरी फाटली. ती तिने गुपचूप स्वतःच खाल्ली.

हाडांच्या ठिसूळपणाचं मधे राहिलंच. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं विरळ झालीत असंच धरायचं असतं, पण त्यावर उपचार सुरू करायचं आमच्याकडे फॉलो-अपला मी विचारलं म्हणून निघालं. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) केला, २,२०० रुपये, टी-स्कोअर उणे ३.४ (उणे २.५ आणि त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस). डी जीवनसत्त्व ११, म्हणजे कमी. आठवड्याला एक अशा ६०,००० युनिटच्या आठ पुड्या, कॅल्शियम, आणि सहा पुड्या झाल्यावर १२ डिसेंबरला झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन, सलाईनमधून. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात, आणि दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यायला सांगतात. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी आली, पॅरासिटामॉलने गेली. एक खुबा मोडलेल्याचा दुसराही मोडू शकतो, तेव्हा डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

जानेवारीत वॉकर सुटला, काठी आली. आणि काठी उजव्या हातात! डावा खुबा दुखरा, तर काठी उलट्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकत्र पुढे. आम्हाला सगळ्यांनाच हे उलटं वाटलं, सिनेमातही सगळे दुखऱ्या बाजूला धरतात. मॅडमने आईला दोन्ही हातांनी चालून बघायला लावलं आणि तिचं तिलाच कळलं, उजव्या हातात धरली की लचक कमी होते. जिन्याला: चढताना बरा पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. समोरच्या काकूंकडे तीन पायऱ्या आहेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या चढायच्या हे ध्येय आईनेच ठरवलं होतं. १४ जानेवारीला ती साडी नेसून गेली. तीन महिन्यांनी साडी, तीही घोट्याच्या जरा वर, पाय अडकू नये म्हणून. खुर्चीवर बसली, बाकीच्या खाली सतरंजीवर, ते तिला आवडलं नाही हे दिसत होतं. वाणाचा डबा घेऊन परत आली.

१७ जानेवारीला काठीने १९ सेकंद.

पैशाचं शेवटचं सांगते, कारण यात आम्ही आपटलो. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो आणि त्यात फिजिओथेरपी बसते, पण सर्जनने लेखी सल्ला दिलेला हवा, किती दिवस, आठवड्यातून किती वेळा, असं. "फिजिओथेरपी चालू ठेवा" एवढ्याने भागलं नाही, मिरजेला परत जाऊन चिठ्ठी आणली. फिजिओची तारीखवार पावती हवी, त्यावर नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टना राज्य परिषदेकडे नोंदणी असते, पहिल्याच दिवशी नंबर मागा, खरे असतात ते हसून देतात. आमच्या पहिल्या मशीनवाल्यांना आम्ही यूपीआयने पैसे दिले, पावती मागितली तर टाळाटाळ, ते ४,५०० बुडाले. दुसऱ्या मॅडमचे ६० दिवसांत बसणारे १३,०००, स्कॅन, इंजेक्शन, औषधं मिळून २९,४०० चा क्लेम टाकला, क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्डाची प्रत, मूळ बिलं, रद्द केलेला चेक. दोनदा क्वेरी आली, एकदा तर चेकवर नाव छापलेलं नाही म्हणून. ३ मार्चला २४,९०० जमा झाले. पाठवण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. मावशींचे साधारण ३१ हजार, वॉकर, कमोड, बांधकाम यातलं काही मिळत नाही. मॅडमच्या एकूण ४२ व्हिजिट झाल्या, २१ हजार. पहिले चार आठवडे पाच दिवस, मग सहा आठवडे तीन दिवस, मग आठवड्यातून एकदा.

शेवटची व्हिजिट १४ फेब्रुवारीला होती. १४ सेकंद. १२ च्या खाली नाही आलं, मी जरा हिरमुसले, मॅडम म्हणाल्या की घरचे व्यायाम सुरू ठेवले तर बघू मेमध्ये. आईने त्यांना भाकरी, पिठलं आणि ठेचा खायला घातला, उभं राहून केलेलं, आणि फाटकापर्यंत सोडायला गेली. मी मागे मागे निघाले तर मला हाताने थांबवलं. काठी तिने डाव्या हातात घेतली होती, उजव्या हातात डब्याची पिशवी म्हणून. मॅडमने हेल्मेट घालता घालता नुसता काठीकडे बोट दाखवून हात फिरवला. आईने पिशवी त्यांच्या स्कूटीला अडकवली आणि काठी उजवीकडे घेतली.